अंबूबाईचं गवत

अर्जुना गडदे यानं चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला एकदाही नावानं हाक मारली नव्हती. माळावर त्यात कुणाला काही नवल वाटत नाही. घरात ‘अगं ए’ आणि चारचौघांत ‘आमची कारभारीण’, एवढ्यावर माणसं जन्म काढतात. तिचं नाव त्यानं पहिल्यांदा तोंडातून काढलं ते ती मेल्यावर तीन वर्षांनी, एका परक्या बाईसमोर, सरकारी कागदावर लिहवून घ्यायला. आणि त्यापायी बिरोबाचा माळ गेला.

माळ आहे आटपाडीच्या वरच्या अंगाला. सांगली जिल्हा तिथं संपतो आणि साताऱ्याचं माण सुरू होतं. तीनेकशे एकर असेल. नकाशावर त्याला ‘पडीक’ म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या सात पिढ्यांत कुणी त्यावर मेंढरू चारलेलं नाही. आषाढापासून दिवाळीपर्यंत अर्जुनाची, धुळाची आणि आणखी पाचसहा घरांची मिळून हजारभर मेंढरं याच माळावर जगायची. दिवाळी झाली की कळप कराडकडं, वाईकडं उतरायचे, शेताशेतांत बसायचे, आणि मिरगाला माघारी यायचे. माघारी यायला माळ पाहिजे. तो नसला तर मेंढरं विकून मोकळं व्हायचं, दुसरा रस्ता नाही.

अर्जुनाची सून सृष्टी ग्रामपंचायतीत सदस्य होती. बायकांच्या राखीव जागेवर निवडून आलेली, पण नवऱ्याच्या हातात शिक्का देऊन घरी बसणारी नव्हे. कागद वाचून मगच सही करायची. तीच एका सकाळी बातमी घेऊन आली.

“मामा, माळाची पाहणी हाय. सांगलीच्या कॉलेजातली बाई येणार, गवतं तपासणार. माळ मूळचा हाय, धड हाय, असं तिनं लिवलं तर चराई ऱ्हाती. मेंढरांनी नासला असं लिवलं तर कुंपण पडतंय आणि आत मेंढरू न्हाई.”

“गवतं तपासणार म्हंजी काय करणार?”

“कुठलं हितलं, कुठलं भायेरचं, कशात उगवतंय, त्ये सगळं. दाखवाय जाणता माणूस मागितलाय. मी तुमचं नाव दिलंया.”

अर्जुना सुखावला. सत्तर वर्षांत सरकारनं त्याला पहिल्यांदाच काही विचारायचं ठरवलं होतं. त्यानं धोतर धुऊन वाळत घातलं आणि दोन दिवस सुनेला गवतांची नावं ऐकवत बसला.

बाई आली भाद्रपदात. ज्ञानदा तिचं नाव, तिशीची असेल. सांगलीच्या चांगल्या घरातली, पण पायात जाड बूट आणि पाठीवर गड्यासारखं ओझं. त्या ओझ्यात गवतं दाबून ठेवायला रद्दीचे पेपर, दोन लाकडी फळ्या, पट्टे आणि गळ्यात दोरीनं अडकवलेलं एक भिंग. अर्जुनाला वाटलं होतं, बाई माळाच्या कडेला गाडीत बसून विचारेल आणि जाईल. ती पहिल्या अर्ध्या तासात गुडघ्यावर आली.

एकेक गवत उपटायची, पातं खोडापासून सोलायची, जोडाशी भिंग लावायची आणि पुटपुटायची. अर्जुनाची तऱ्हा वेगळी. तो पेर दाढेखाली धरायचा, पातं चुरगाळून वास घ्यायचा आणि सांगायचा. हा मारवेल, पेराला गोड लागतो. हा पवन्या, दुधाला चांगला. ही कुसळी, आता चाराय बरी, पण दसऱ्यानंतर मेंढराच्या कातड्यात शिरती. बाई म्हणायची, “थांबा आजोबा,” आणि तीही पेर दाढेखाली धरून बघायची. दुपारपर्यंत दोघांनी मिळून सदतीस गवतं काढली. बाईनं दोनदा चूक केली आणि दोन्ही वेळा कबूल केली. अर्जुनाला ती आवडली.

“माळ चांगला आहे,” भाकरी खाताना ती म्हणाली. “मला वाटलं होतं त्याहून कितीतरी चांगला. इतकी मूळची गवतं मी या बाजूला कुठं पाहिली नाहीत.”

“मेंढरं हायती म्हून हाय. त्यांच्या पायानं बी दबतंय, लेंडीनं माती धरती.”

“हे मी लिहिणार आहे,” बाई म्हणाली. आणि तिनं ते लिहिलंही. तिच्या नावानं बोटं मोडण्याआधी हे सांगितलं पाहिजे.

भाकरी आटोपल्यावर ती दोघं पवनचक्क्यांच्या रस्त्याला लागली. नऊ वर्षांमागं हा रस्ता माळाची छाती फोडून वर गेला. कुठून कुठून मुरूम आणला, शेकड्यानं ट्रक आले, वर पाती फिरायला लागली. माळाला त्यातलं काही मिळालं नाही. पुढच्या भाद्रपदात रस्त्याच्या दोन्ही कडांना एक नवंच गवत उगवलं. हातभर उंच, माथ्यावर गुलाबी, लवदार तुरा. उन्हात अशी काही चमक मारायचं की लांबून कुणी गुलाल उधळलाय असं वाटावं.

ते पहिल्यांदा बघितलं अर्जुनाच्या बायकोनं. मेंढरांमागून चालता चालता ती थांबली, एक तुरा तोडला आणि म्हणाली, “आवं, ह्ये बघा की. कालच्या कोकराच्या तोंडावानी रंग हाय.” अर्जुनानं बघितलं, चावलं, थुंकलं. “बेचव हाय,” तो म्हणाला. “तुमाला सगळं खायालाच पायजे,” ती म्हणाली आणि तुरा अंबाड्यात खोचून पुढं गेली.

माळावर एक रीत आहे. नवं काही उगवलं, की ज्यानं ते आधी बघून दुसऱ्याला दाखवलं त्याचं नाव त्याला लागतं. आप्पासोचा पाला म्हणून एक झुडूप आहे, मनुबाईचा काटा म्हणून एक काटेरी वेल आहे. त्या रीतीनं हे अंबूबाईचं गवत झालं. सगळे तसंच म्हणायचे. एकटा अर्जुना म्हणायचा, “ते तांबडं गवत.” बायकोचं नाव तोंडानं कसं घ्यायचं?

ज्ञानदा त्या गवतापुढं बसली. भिंगातून तुऱ्याची लव बघितली, पातं सोलून जोडाशी बघितलं.

“मेलिनिस रेपेन्स,” ती म्हणाली. “आजोबा, हे इथलं नाही. आफ्रिकेतलं आहे, पार दक्षिणेकडचं. ही लव बघा. वाळली की पांढरी पडते आणि बी वाऱ्यावर जातं. पात्याच्या बुडाशी पापुद्रा नाही, नुसती केसांची झालर. मेंढरं खातात?”

“कवळं असताना तोंड लावत्यात. तुरा आला की तोंड फिरवत्यात.”

“बरोबर. आणि जागा कसली लागते याला, माहितेय? मोडलेली. जिथं माती उकरली, भर टाकली, तिथं हे आधी येतं. मूळ गवताची वीण घट्ट असली तर याला आत शिरता येत नाही.”

तीन वर्षांमागं कराडकडच्या मुक्कामात त्याची बायको थंडीतापानं गेली. जीपमधून तिला माळावर आणलं आणि बिरोबाच्या देवळाच्या मागच्या अंगाला माती दिली. वर चार दगड ठेवले. पुढच्या पावसाळ्यात त्या चार दगडांमध्ये हेच गुलाबी गवत उगवलं. तेव्हापासून अर्जुना मनात धरून होता की ते तिनं धाडलंय. आता कळलं, की तिथली माती उकरली होती म्हणून ते आलं. त्याला कुणीतरी कानशिलात मारल्यासारखं झालं.

बाईनं कागद काढला. त्यावर रकाने होते. शास्त्रीय नाव, मूळ प्रदेश, आढळलेली जागा, आणि मग तिनं विचारलं, “इथं याला काय म्हणतात?”

अर्जुनानं इकडंतिकडं बघितलं. माळावर दुसरं कुणी नव्हतं.

“अंबूबाईचं गवत,” तो म्हणाला. स्वतःच्या आवाजात ते नाव त्यानं पहिल्यांदाच ऐकलं.

“अंबूबाई कोण?”

“माझी मालकीण. वारली.”

बाईचा हात थांबला. “त्यांचं नाव का पडलं?”

आता खरं ते सांगायचं होतं. तिनं आधी बघितलं, एवढंच. पण अर्जुनाच्या मनात दुसरंच चाललं होतं. अंबूबाई कुठल्याच कागदावर नव्हती. वाटेत मेली म्हणून मृत्यूचा दाखला निघाला नाही; कराडकडचं गाव म्हणे तुमच्या गावात काढा, हे गाव म्हणे मेली तिथं काढा. सातबाऱ्यावर नाव असायला जमीन नव्हती. आणि आता ही बाई लेखणी घेऊन तिचं नाव लिहायला बसली होती. नुसतं बघितलं म्हटल्यावर कोण कुणाचं नाव लिहील? रकान्यात ‘स्थानिक समजूत’ एवढंच लिहील आणि पुढं जाईल. त्याला भीती वाटली.

“तिनंच आणलं ते,” अर्जुना म्हणाला. “बी आणून टाकलं तिनं.”

“नक्की? कारण रस्त्याकडेला फार दाट आहे. मला वाटलं मुरमातून आलं असेल.”

“रस्त्यालाबी तिनंच टाकलं. लय हौस तिला.”

ज्ञानदाचे डोळे चमकले. एखादं परदेशी गवत कुठं कसं आलं, हे सहसा कुणाला कळत नाही. पुस्तकांत सगळीकडं ‘बहुधा’ असतं. इथं आणणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि नवऱ्याची साक्ष मिळत होती. अभ्यासू माणसाला असा आनंद झाला की त्याला पुढचं दिसत नाही. तिनं शब्द न् शब्द उतरवला, वाचून दाखवला आणि अंगठा घेतला. अर्जुनानं तिला नाव दोनदा वाचायला लावलं. अंबूबाई अर्जुना गडदे. तो त्या दिवशी घरी गेला तो गाणं गुणगुणत. सुनेनं विचारलं तर म्हणाला, “झ्याक झालं सगळं. माळ चांगला हाय म्हणली बाई.”

दिवाळी झाली, कळप खाली उतरले. आणि अहवालावर ग्रामसभा ठेवली ती ऐन जानेवारीत, मेंढरंवाले सगळे कराड-वाईकडं असताना. हे चुकून होत असतं असं मानायचं असेल त्यानं मानावं. सृष्टीनं फोनावर फोन केले, तेव्हा अर्जुना आणि धुळा कळप बायापोरांवर टाकून एसटीनं आले. बाकीचे येऊ शकले नाहीत. शाळेच्या पटांगणात गावचे बागायतदार पुढं बसले होते. त्यांना माळाचं सोयरसुतक नव्हतं.

वरून आलेले साहेब उभे राहिले. त्यांच्या हातात दोन पानं होती. अहवाल चाळीस पानांचा होता, पण साहेबांना वेळ कमी असतो. त्यांनी वाचलं:

“सदर विदेशी व घातक प्रजाती स्थानिक मेंढपाळ महिला अंबूबाई अर्जुना गडदे हिने बी टाकून माळावर आणल्याचे तिच्या पतीने स्वतः कबूल केले आहे. रस्त्यालगतचा प्रादुर्भावही तिच्यामुळेच झालेला आहे. सबब मेंढपाळांच्या वापरामुळे माळाची हानी झाल्याचे सिद्ध होत असून चराई कायम बंद करून कुंपण घालण्यात यावे.”

साहेबांनी ‘अंबूबाई’ अगदी स्पष्ट उच्चारलं. पटांगणातल्या दीडशे माणसांनी ऐकलं.

सृष्टी उठली. “साहेब, पवनचक्कीवाल्यांनी मुरूम टाकल्यापासनं ते गवत हाय. सगळ्या गावाला ठावं हाय.”

“मॅडम, तसं कुणी लिहून दिलेलं नाही. हे लिहून दिलेलं आहे.”

मागून अर्जुनानं हात वर केला. तो उभा राहिला. “साहेब, मी खोटं बोललो. तिनं न्हाई आणलं. तिनं निस्तं बघितलं.”

साहेब हसले. वाईट हसले असंही नाही, लहान पोराकडं बघून हसावं तसे. “आजोबा, तेव्हा माळाची चौकशी आहे हे तुम्हाला माहीत होतं ना? मग तेव्हा खरं बोललात की आता? माळ जातोय म्हटल्यावर सगळेच शब्द फिरवतात.”

पुढं बसलेल्यांत खसखस पिकली. धुळा अर्जुनाचा लहानपणापासूनचा जोडीदार. त्यानं त्याला दंडाला धरून बाजूला घेतलं.

“खरं सांग गड्या. आणलं का न्हाई वयनीनं?”

“न्हाई.”

“मग सांगितलंस कशाला रं?”

अर्जुनानं पटांगणाकडं बघितलं. बायकोचं नाव कुठंतरी लिहिलेलं पाहिजे होतं म्हणून, हे दीडशे माणसांत कसं सांगायचं? एकट्या धुळालाही त्याला सांगता आलं नाही. धुळानं त्याचा दंड सोडला. परतीच्या एसटीत तो पुढच्या बाकावर जाऊन बसला आणि कराडपर्यंत मागं वळून बघितलं नाही.

ज्ञानदा उन्हाळ्यात, अर्जुना चार दिवस घरी आला असताना, एकदा येऊन गेली. तिनं वर तीन पत्रं पाठवली होती. तिचं तोंड उतरलं होतं.

“चौदाव्या पानावर मी लिहिलंय, आजोबा. रस्त्यापासून जितकं लांब जावं तितकं ते गवत विरळ होतं, म्हणजे ते रस्त्यानंच आलं असणार. मेंढरांमुळं माळ टिकलाय हेही लिहिलंय. पण ते चौदावं पान कुणी उघडलंच नाही.”

“तुमची चूक न्हाई बाई,” अर्जुना म्हणाला.

“आहे. रस्ता डोळ्यांनी दिसत होता, तरी मी तुमचंच धरून बसले. मला ते फार आवडलं होतं.”

तिनं चहा अर्धा तसाच ठेवला. जाताना तिनं सृष्टीला आपला नंबर दिला. त्या नंबराचा पुढं काही उपयोग झाला नाही.

कुंपण पडलं. मिरगाला कळप परतले ते तारेबाहेर उभे राहिले. आठ दिवस मेंढरं तारेला नाकं लावून ओरडत होती. पाच घरांनी मेंढरं विकली. धुळा आपली घेऊन कर्नाटकात गेला, कायमचा. जाताना अर्जुनाच्या दारावरून गेला, पण थांबला नाही. अर्जुनानं आपली ऐंशी मेंढरं बाजारात उभी केली आणि घरी येऊन दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडला.

आणि गवताचं काय झालं? तारेसाठी दर आठ हातांवर खड्डा घेतला. आत झाडं लावायला हजारो खड्डे घेतले. झाडं जळाली, खड्डे राहिले. उकरलेली माती आणि तोंड लावायला मेंढरू नाही; भाद्रपदात सगळा माळ गुलाबी झाला. सांगली-साताऱ्याहून पोरंपोरी फोटो काढायला यायला लागली. गावात मात्र माणसं थुंकत म्हणायची, “अंबूबाई लय माजली यंदा.” कुणाच्या रानात ते शिरलं की शिवी ठरलेली: “ह्या अंबूबाईच्या मुळावर घाव घातला पायजे.” जिचं नाव कुठं लिहिलेलं नव्हतं, ते आता सगळ्या शिवारात होतं. अर्जुना पारावर जाईनासा झाला.

दुसऱ्या वर्षी वरून हुकूम आला की गवत उपटून माळ स्वच्छ करा. रोजंदारीवर माणसं लागली. मेंढरं विकून बसलेली घरंच त्यात गेली; अर्जुनाही गेला. मुकादम वीरधवल नावाचा तरणा गडी होता, तासगावकडून आलेला, द्राक्षबागांत माणसं राबवलेला. त्याला या गवताचं एकच नाव माहीत होतं.

“अंबूबाई मुळासकट निघाली पायजे,” तो सकाळीच ओरडायचा. “जाळावर टाका तिला. बी उडाय देऊ नका.”

ओळीतल्या जुन्या बाया अर्जुनाकडं बघून खाली मान घालायच्या. तो उपटत राहायचा.

अकराव्या दिवशी ओळ देवळामागं पोचली. अर्जुना मुद्दाम कडेला राहिला होता. चार दगडांच्या मध्ये एकच गड्डा होता, पाच-सात तुऱ्यांचा. तो त्याच्याकडं पाठ करून पुढं निघाला.

“म्हातारबा, तिकडं ऱ्हायलं का काय?” वीरधवलनं विचारलं.

“न्हाई. कायबी न्हाई.”

पण अकरा दिवसांत वीरधवलची नजर तयार झाली होती. तो सरळ दगडांकडं चालत आला. “आवं, ही काय बसलीया अंबूबाई, दगडाच्या आडाला.” त्यानं वाकून हात घातला.

“थांब,” अर्जुना म्हणाला. “तू हात लावू नगंस. मी काढतो.”

वीरधवल बाजूला झाला. अर्जुना गुडघ्यावर बसला, दोन्ही हातांनी गड्डा बुडाशी धरला आणि जोर लावायला श्वास घेतला. जोर लागलाच नाही. मुळं वितीएवढीही खोल नव्हती. पहिल्याच ओढीला गवत मातीसकट वर आलं, आणि तो हातात गड्डा घेऊन मागच्या मागं बसला.

“निघाली?” वीरधवलनं विचारलं.

“निघाली,” अर्जुना म्हणाला.